पाणपोईच्या नोंदी : चैत्र ते मृग

२० मार्च

आज रांजण ठरवून आले. एक मोठा, साधारण साठ लिटरचा, आणि हाताशी असावेत म्हणून दोन माठ. कुंभारणीनं बोटाच्या पेरानं रांजणाच्या पोटावर वाजवून दाखवलं. "असा टणटण वाजला पाह्यजे. बद्द वाजला तं समजायचं, आत भेग हाय." तीन वाजवून पाहिले, चौथा घेतला.

जागा आमच्या फाटकाबाहेरच्या कडुनिंबाखाली. नागपुरात सक्करदऱ्याहून ताजबागेकडे, ताजुद्दीन बाबांच्या दर्ग्याकडे, जाणाऱ्या रस्त्याला आमची गल्ली मिळते, तिथेच हे झाड आहे. सध्या अर्धं उघडं आहे. जुनी पानं गळताहेत, तांबूस कोवळी फुटताहेत. ऊन तापेपर्यंत सावली भरेल.

कारणही लिहून ठेवते, पुढे कंटाळा आला तर वाचायला. आई डिसेंबरात गेली. शेवटचे दोन महिने तिला दिवसाला पाऊण लिटरच पाणी द्यायचं होतं, किडन्या थकल्या होत्या. सकाळी मी बाटली मोजून भरायची. चहा, औषधाचा घोट, सगळं त्यातूनच. दुपारी ती मागायची, "माठातलं दे ना गं एक घोट." मी ओल्या कापसानं ओठ पुसायची. डॉक्टरांचं सांगणं बरोबर होतं, जास्त पाणी तिच्या फुप्फुसात उतरलं असतं. मीही बरोबरच वागले. पण दिवसातून वीस वेळा मी आईला पाण्याला नाही म्हटलं, आणि ती गेली तेव्हा बाटलीत दोन घोट शिल्लक होते. ते मी तुळशीला घातले. तेव्हापासून माठात गडू बुडवताना हात थांबतो.

२३ मार्च

विटांचा ओटा रचला. त्यावर वाळू पसरून रांजणाचं बूड तीत रोवलं. वाळूत मूठभर मेथ्या पेरल्या. आई पेरायची. रांजण पाझरतो तेवढ्या ओलीवर त्या उगवतात.

दोन दिवस रांजण भरून नुसता ठेवला. नवी माती आधी स्वतः पाणी पिते. पहिल्या रात्री चार बोटं पाणी उतरलं, दुसऱ्या रात्री दोन. मातीचा वास अजून पाण्याला आहे. तो जाईपर्यंत कोणाला प्यायला द्यायचं नाही असं ठरवलं होतं, पण आज सकाळी झाडणारी बाई म्हणाली, "तो वासच तं पाह्यजे असते बाई." दिलं.

तीस वर्षं शाळेत मी मुलांना बाष्पीभवन शिकवलं. रांजणाच्या अंगाला बारीक छिद्रं असतात. त्यांतून पाणी बाहेर येतं, उडून जातं, आणि जाताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जातं. एक लिटर पाणी असं उडालं की सुमारे ५८० लिटर पाणी एका अंशानं निवेल इतकी उष्णता सोबत नेतं. फळ्यावर हे गणित कितीदा मांडलं असेल. आज रांजणाला हात लावून बसले तेव्हा जाणवलं, की थोडं पाणी गेल्याशिवाय उरलेलं गार होत नाही. फळ्यासमोर हे कधी मनात आलं नव्हतं.

३० मार्च, गुढीपाडवा

सुरुवात केली. सकाळी नळ आला तसं पाणी मलमलीच्या दुहेरी फडक्यातून गाळून भरलं. रांजणाला ओलं गोणपाट गुंडाळलं, तोंडावर लाकडी झाकण, झाकणावर पितळी गडू आणि दोन स्टीलचे पेले. कडुनिंब वेळेवर आला. पानं भरली आणि बारीक पांढरा मोहोर धरला. त्याचाच प्रसाद गूळ-ओव्यात वाटून पहिल्या दहा जणांना दिला.

परवा पाटी रंगवून आणली होती. वर 'पाणपोई', खाली आजोबांच्या आणि आईच्या नावानं 'पुण्यस्मरणार्थ'. इतवारीत आईच्या वडिलांची पाणपोई चाळीस वर्षं चालली होती. दुकानाच्या ओट्यावर तीन रांजण असायचे आणि पाणी पाजायला एक पगारी माणूस. आमच्या घरात ही गोष्ट अभिमानानं सांगितली जाते. मीही सांगत आले.

आज एकतीस जण प्याले. मोजले, कारण मोजण्याची सवय आहे.

३१ मार्च

काल गुढी, आज ईद. सकाळी साडेसातपासून नव्या कपड्यांतली लेकरं, अत्तराचा वास, आणि रांजणापाशी झुंबड. महिनाभर उन्हात तोंड कोरडं ठेवलेली माणसं आज दिवसाउजेडी पाणी पीत होती. एक आठ-नऊ वर्षांचा मुलगा पेला दोन्ही हातांनी धरून प्यायला आणि म्हणाला, "कल तक तो मैं रोज़े में था." यंदा पहिलाच रोजा ठेवला होता म्हणे. कालच्या दिवसाचा सगळा मोठेपणा त्याच्या चेहऱ्यावर होता. तहान सोसून दाखवल्याचा तो आनंद बघून मी पेला पुन्हा भरला.

या रस्त्यानं ताजबागेला जाणाऱ्यांत निम्मे तरी हिंदू असतात. बाहेरगावच्या माणसाला नवल वाटतं, आम्हाला नाही. ताजुद्दीन बाबांना लोकांनी वेडं ठरवून पागलखान्यात ठेवलं होतं. १९०८ साली राजे रघुजीराव भोसल्यांनी त्यांना तिथून सोडवून सक्करदऱ्याच्या आपल्या वाड्यात आणलं. १९२५ साली बाबा गेले, पण माणसांचं येणं थांबलं नाही. नवस, आजार, पोराची नोकरी, पळून गेलेली सून, सगळं घेऊन लोक येतात. परतताना आमच्या झाडाखाली पाणी पितात आणि काही जण मलाच सांगायला लागतात. मी पाण्याची बाई. माझ्याकडे उपाय नाही हे त्यांनाही ठाऊक असतं.

४ एप्रिल

एक पेला गेला. साखळी लावली, तर काल साखळीसकट गेला. पेले काढून घ्यावेत आणि आपणच वरून ओतावं असा विचार आला. मावशीला विचारून बघते, आजोबा कसं करायचे.

कॉलेजातल्या एका मुलीनं विचारलं, "काकू, आरओचं आहे का?" नाही म्हटल्यावर स्कार्फ सारखा करून निघून गेली. तिचं चुकलं नाही. उघड्या पाण्याची भीती आईबापांनीच घातलेली असते, आणि ती अगदीच खोटी नाही. उद्यापासून रोज रांजण पूर्ण रिकामा करून घासायचा, महापालिकेच्या पाण्यात पुन्हा क्लोरीनचा थेंब, आणि लांब दांड्याचं ओगराळं, म्हणजे कोणाचा हात पाण्यात बुडणार नाही.

९ एप्रिल

मावशीकडे जाऊन आले. चौऱ्याऐंशी वर्षांची आहे, आईपेक्षा तीन वर्षांनी मोठी. ऐकायला कमी येतं, पण आठवण शाबूत. मी पेल्यांची अडचण सांगितली आणि विचारलं, आजोबांकडे काय पद्धत होती?

ती सुपारी कातरत होती. अडकित्ता थांबला नाही. म्हणाली, "काही लोकांना ओगराळ्यानं. बाकीच्यांना नळीनं."

"कसली नळी?"

"बांबूची. हातभर लांब. पाणक्या वर ओट्यावर बसायचा, ते खाली रस्त्यावर ओणवे व्हायचे. हा वरून नळीत पाणी ओतायचा, ते खाली ओंजळ धरायचे. भांड्याला शिवायला नको, पाणक्यालाही शिवायला नको."

मला काही बोलताच आलं नाही. तीच पुढे म्हणाली, "ती नळी खुंटीला टांगलेली असायची. दुपारी दुकान बंद असलं की मी आणि तुझी आई तिनंच खेळायचो. ही ओतायची, मी तोंड उघडायची. फार हसायचो."

चहा झाला. तिनं मला सुपारी बांधून दिली. रिक्षात बसल्यावर आठवलं, आई पाणपोईची गोष्ट किती वेळा सांगायची. रांजण तीन, पाणक्या एक, वाळ्याची जुडी, सगळं यायचं. नळी कधीच आली नाही. विसरली होती, की ठरवून गाळली होती, हे आता विचारायचं कोणाला?

१० एप्रिल

रात्री झोप लागली नाही. सकाळी पाटी उतरवली.

आजोबांच्या नावावर मी पुण्य जमा करत होते. ज्यानं तहानलेल्या माणसाला रस्त्यावर ओणवं केलं, त्याचं स्मरण मी त्याच रस्त्यावर मांडलं होतं. तेव्हा सगळेच तसे होते, असं मनात येतं. पण सगळे तसे नव्हते. जोतीराव फुल्यांनी पुण्यात आपल्या घरचा हौद १८६८ साली अस्पृश्यांना खुला केला, तेव्हा आजोबांचा जन्मही झाला नव्हता. महाडच्या चवदार तळ्याचं पाणी बाबासाहेबांनी हजारो लोकांसह ओंजळीत घेतलं ते १९२७ साली, २० मार्चला. ही तारीख आता वहीत चाळताना दिसली. मी रांजण ठरवला तोही २० मार्चच. मला आठवणसुद्धा नव्हती, आणि हेच मला जास्त लागलं. एकनाथांनी काशीची कावड तहानलेल्या गाढवाच्या तोंडी ओतली, ही गोष्ट आजोबांच्या घरी दरवर्षी कीर्तनात व्हायची म्हणे. डोळे पुसत ऐकायचे सगळे. गाढवाला नळी लागली नाही.

दुपारपर्यंत वाटत होतं की पाणपोई बंद करावी. मग कुरियरवाला पोरगा आला, हेल्मेट काढलं, कपाळावर घामाची रेघ उमटलेली, आणि पाटी नाही हे त्याला दिसलंही नाही. तीन पेले प्यायला. बंद करायची नाही.

नवी पाटी नाही. पेले पुन्हा ठेवले, बिनसाखळीचे, सहा. ज्यानं त्यानं आपल्या हातानं घ्यावं.

१४ एप्रिल

पहाटेपासून रस्ता निळा-पांढरा. वस्त्यावस्त्यांतून माणसं निघालेली, दीक्षाभूमीकडे, संविधान चौकाकडे. ढोल, झेंडे, पांढऱ्या साड्या, कडेवर झोपलेली लेकरं. आज पाणी देणाऱ्यांची काही कमी नाही. दर पन्नास पावलांवर लोकांनीच लावलेले मांडव, ताक, सरबत, मसालेभात. माझा रांजण त्यांतला एक.

दहाच्या सुमारास एक गृहस्थ थांबले, माझ्याच वयाचे. पाणी प्याले आणि सहज विचारलं, "कोणाकडून आहे ही पाणपोई?"

पाटी असती तर उत्तर तयार होतं. मी म्हटलं, "झाडाखाली ठेवलीय." त्यांना उत्तर पुरलं नसावं, पण हसले आणि पुढे गेले. मला मात्र ते दिवसभर अपुरं वाटत राहिलं.

बारा वाजले तेव्हा रांजण चौथ्यांदा भरला होता आणि माझी पाठ धरली होती. पांढऱ्या साडीतल्या एक बाई, सत्तरीच्या असतील, ओट्याच्या कडेला टेकल्या. त्यांनी ओगराळं बुडवलं, पेला भरला आणि तो स्वतः न पिता माझ्यापुढे धरला. "घ्या. सकाळपासून तुम्हाला पाहून राहिली मी, एक घोट नाही घेतला तुम्ही."

खरंच घेतला नव्हता. पेल्याच्या बाहेरून पाण्याचे थेंब उतरत होते आणि त्यांच्या बोटांवर थांबत होते. बोटांना बिडीच्या पानांचे डाग होते, वर्षानुवर्षांचे, नखांच्या कडांना मुरलेले. मी पेला घेतला. सगळा प्यायले. गार पाणी छातीतून उतरताना कळतं, तसं कळलं. डिसेंबरनंतर पहिल्यांदा पाणी पिताना हात थांबला नाही.

मग त्यांनी त्याच पेल्यात स्वतःसाठी घेतलं.

नळीची गोष्ट मी त्यांना सांगितली नाही. आजच्या दिवशी ती त्यांच्या डोक्यावर घालायची आणि आपण हलकं व्हायचं, हे मला पटलं नाही. ती इथे वहीत आहे.

२२ एप्रिल

बाहेर ४२, रांजणात २७. शाळेतून निवृत्त होताना मिळालेला थर्मामीटर कामी आला.

एक आजोबा रोज येतात, साडेचारला. एम्प्रेस मिलमध्ये जिंदगी गेली, असं सांगतात. जमशेटजी टाटांनी १८७७ साली सुरू केलेली ती गिरणी आता फक्त जुन्या नागपूरकरांच्या बोलण्यात चालू आहे. आजोबांना अजून भोंग्याच्या वेळा पाठ आहेत. ते म्हणतात, "अर्धाच द्या." अर्धा पेला पितात. भोंग्याबद्दल बोलतात, सूतखात्यातल्या कापसाच्या फुलांबद्दल, जी खोकल्यात अजून निघतात. मग, "आणखी अर्धा." असे चार अर्धे पेले. पूर्ण भरून दोन घेतले असते तर दहा मिनिटांत जावं लागलं असतं, हे माझ्या आज लक्षात आलं.

मेथी चांगली वीतभर झाली होती. खारीनं खाल्ली.

३० एप्रिल, अक्षय तृतीया

मावशीला घेऊन आले. आज पितरांची घागर. आमच्याकडे लाल मातीची नवी घागर भरतात, तीत वाळा टाकतात, वर आंबा ठेवतात, पन्हं, कुरडया आणि पुरणाचा नैवेद्य. उन्हाळ्यात पितरांना तहान लागते अशी समजूत. विज्ञान शिकवताना मी अशा समजुतींवर बोलत आले आहे. पण आईच्या नावानं घागर भरताना मनात एकच होतं, की आता तिला कोणी पाणी मोजून देणार नाही. खरं-खोटं करायला त्या क्षणी जागा नव्हती.

आजोबांच्या नावाची घागर भरायची का, हे मी मावशीवर सोडलं होतं. ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "भर. पण देवघरात नको. बाहेर ठेव, लोक पितात तिथे." ठेवली.

साडेअकराला ऊन चढलं. मावशी झाडाखाली खुर्चीवर बसली होती. रस्ता झाडणाऱ्या बाई आल्या, खराटा भिंतीला टेकवला. तोंडाला बांधलेला पदर सोडला. त्या नेहमी स्वतः पेला भरून घेतात, पण आज मावशी आधी उठली. उठायला तिला वेळ लागतो. एक हात खुर्चीच्या पाठीवर, मग गुडघ्यावर, मग उभी. तिनं आजोबांच्या घागरीतून पेला भरला. हात थरथरत होता, पाणी सांडत होतं. बाई पुढे झाल्या आणि खालून तिच्या हाताला हात लावला, पेला पडू नये म्हणून. दोघींचे हात क्षणभर एकाच पेल्यावर होते. बाईंनी तो घेतला, तोंड वर करून प्याल्या, पेला विसळून उपडा ठेवला आणि म्हणाल्या, "आजीचं पाणी लय गार हाय."

मावशी खाली बसली. पदरानं हात पुसले नाहीत, ओलेच मांडीवर ठेवले. नंतर म्हणाली, "बाबांनी हे केलं नसतं. आईनं केलं असतं, पण तिला कधी कोणी विचारलंच नाही."

संध्याकाळी तिला घरी सोडलं. वाटेत ती बोलली नाही, मीही नाही.

७ मे

झाडाच्या दुसऱ्या बाजूला मातीचं पसरट भांडं ठेवलं. सातभाई पक्षी आले, अंघोळ करून गेले, प्याले किती कोण जाणे. दुपारी दोनला एक कुत्रं भांड्यातच जाऊन बसलं. दुसरं भांडं आणावं लागेल.

१२ मे, बुद्धपौर्णिमा

पलीकडच्या वस्तीत खीर वाटत होते. खीर घेऊन एक मुलगा आला, विद्यापीठात पाली शिकतो. सावलीत बसला, बोलणं निघालं. म्हणाला, "काकू, आपला 'तहान' शब्द कुठून आला माहीत आहे? संस्कृतात तृष्णा, पालीत तण्हा. बुद्धानं दुःखाचं कारण सांगितलं, ते तण्हा. आणि तुम्ही इथे बसून तहान भागवता."

मी विचारलं, मग ही भागवू नये का?

तो जरा गोंधळला, विचार करून म्हणाला, "नाही, शरीराच्या तहानेला पालीत पिपासा म्हणतात. ती वेगळी. तण्हा म्हणजे हवं-हवंची ओढ, धरून ठेवण्याची."

तो गेल्यावर मी त्यावरच बसून होते. पालीत दोन शब्द आहेत. मराठीनं मात्र घशाच्या कोरडीलाही तहान म्हटलं आणि मनाच्या ओढीलाही तहानच म्हटलं. चुकून झालं असेल असं मला वाटत नाही. झाडाखाली दीड महिना बसून मी जे पाहते आहे, त्यात या दोन्ही वेगळ्या काढता येत नाहीत. मिलवाल्या आजोबांची तहान कोणती? चार अर्ध्या पेल्यांत शरीराचं किती आणि बोलायला माणूस मिळण्याचं किती? ताजबागेहून परतणारी बाई पाणी पिऊन झाल्यावरही रिकामा पेला हातात धरून उभी राहते, तिची कोणती? आईची तर मला ठाऊक आहे. तिला माठातलंच पाणी हवं होतं, बाटलीतलं नको. पाणी एकच, नळाचंच. तिला त्या पाण्याचा वास हवा होता, इतवारीचं घर हवं होतं, ओट्यावरचे रांजण हवे होते, बहिणीबरोबरचं हसणं हवं होतं. नळीसकट हवं होतं.

बुद्धाला मी नमस्कार करते. ओढ सोडली की दुःख सुटतं, हे मला समजतं. पण आईनं मरताना ती ओढ सोडायला हवी होती असं मला म्हणवत नाही. तिच्या ओठांवर शेवटी तेवढंच जिवंत होतं.

खीर चांगली होती. वेलदोडा जरा जास्त.

२५ मे

नवतपा लागला, उन्हाळ्यातले सगळ्यांत कडक नऊ दिवस. दुपारी एक ते पाच रस्ता ओस. डांबर मऊ होऊन चपलेला चिकटतं. २०१३ च्या मे महिन्यात नागपुरात ४७.९ अंश झाले होते. आज तितकं नाही, पण ४५ च्या पुढे काटा गेला की आकड्यांतला फरक अंगाला कळत नाही.

रांजणात २६! बाहेर जितकं कोरडं, तितकं पाणी भराभर उडतं आणि आत तितकं गार. कितीतरी पाणी दिवसाला नुसतं हवेत जातं.

पेंचचं पाणी आहे हे. सातपुड्यातून, छिंदवाड्याकडून नदी येते, तोतलाडोहला अडते, नवेगाव खैरीहून नागपूरच्या नळात येते. वाघाच्या जंगलातून आलेलं पाणी माझ्या रांजणाच्या अंगातून पाझरून या पांढऱ्या पडलेल्या आभाळात जातं. तिथून पुढे कुठे जात असेल ते जावो. मला त्याचं जाणं बघायला आवडतं.

रात्री अकराला फाटक लावायला गेले तर रांजणापाशी कोणीतरी. रिक्षावाला होता, गाडी रस्त्याच्या कडेला लावलेली. पाणी पिऊन झालं होतं, तो दोन्ही तळहात रांजणाच्या गार पोटावर ठेवून उभा होता, कपाळही टेकलेलं. मी आवाज केला नाही, फाटक उघडंच ठेवून आत आले.

२ जून

नवतपा संपला. आज १८४ जण प्याले, या उन्हाळ्यातले सगळ्यांत जास्त.

८ जून

मृग लागला. दुपारी चारला वारा, धूळ, मग दहा मिनिटं टपोऱ्या थेंबांचा पाऊस. रस्त्यावरून वाफ उठली. लोक पाणपोईपाशी थांबले, पण पाण्यासाठी नाही, आडोशाला. हात बाहेर काढून उभे होते सगळे, तळवे वर करून.

पिकलेल्या निंबोळ्या पडायला लागल्या. झाकण जरा सरकलं तरी रांजणात पिवळी निंबोळी तरंगते.

१७ जून

तीन दिवस झड. रांजण गार करत नाही. थर्मामीटर धरून पाहिलं, बाहेर २८, आत २७. हवा ओली झाली की पाणी उडत नाही, आणि न उडणारं पाणी निवत नाही. गोणपाटाला हिरवं शेवाळ धरलं. आज फक्त चार जण प्याले.

रांजण रिकामा केला, राखेनं घासला, ओट्यावर उपडा घातला. तळाशी आतून पांढरट थर बसला आहे, पाण्यातल्या क्षारांचा, बोटानं खरवडला तर निघतो. कुंभारीण म्हणाली होती, एका उन्हाळ्यानंतर छिद्रं बुजत जातात, रांजण जुना झाला की कमी गार करतो. मावशीला फोन केला. म्हणाली, "पुढच्या वर्षी नवा घे. जुना तुळशीला दे."

२१ जून

पाऊस थांबून थांबून. साडेचारला फाटकाची कडी वाजली.

मिलवाले आजोबा. छत्री काखेत, पायजमा पोटरीपर्यंत वर केलेला. इतक्या दिवसांत फाटकाच्या आत ते कधीच आले नव्हते. उपड्या रांजणाकडे त्यांनी पाहिलं आणि मग माझ्याकडे.

"बंद झालं वाटते."

"झाड बंद झालं. घर चालू आहे," मी म्हटलं.

ते व्हरांड्यात आले, चपला पायरीवर काढल्या, चिखल लागू नये म्हणून पावलं वाकडी टाकत खुर्चीपर्यंत गेले. मी आतल्या माठातून पेला भरायला घेतला.

"अर्धाच द्या," ते म्हणाले.

मी अर्धा दिला आणि समोरची खुर्ची ओढून बसले.